मुंबई ते मस्कत, दोन तास वीस मिनिटं

“पांढरी पूड होती गं ती,” सासूबाई फोनवर म्हणाल्या. “हातातल्या पिशवीत घेऊन कशी जाशील? पोलिसांनी धरलं असतं म्हणजे? मी नीट रुमालात बांधून मोठ्या बॅगेत ठेवलीय. हेमंतच्या बनियनांच्या मधोमध. कणभर सांडायची नाही बघ.”

“आणि ग्लुकोजचा डबा?”

“तोही पांढराच की.”

मी मुंबईच्या विमानतळावर, सगळ्या तपासण्या उरकून आत येऊन बसले होते. तीनला दहा कमी होते. मोठी बॅग तासाभरापूर्वीच पट्ट्यावरून डुलत डुलत आत गेली होती. माझ्या मांडीवर हातातली पिशवी उलटी केलेली. तिच्यातून फ्रॉक, पुसायचे रुमाल, साखर मोजायचं यंत्र, खिचडीचा डबा, सगळं निघालं होतं. एक तो निळ्या झाकणाचा डबा तेवढा नव्हता. शेजारच्या खुर्चीवर चार वर्षांची जाई पाय पोटाशी घेऊन चित्रांचं पुस्तक बघत होती.

“आई, अहो, कॉर्नफ्लोअर आहे ते, त्यावर जगते ती!” मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. दोन-तीन माना वळल्या.

“ओरडू नकोस. तूच तर सांगत होतीस ना महिनाभर, दोन तास वीस मिनिटं, दोन तास वीस मिनिटं. पोचलीस की काढ बॅगेतून.”

सांगत होते खरं.

जाई आठ महिन्यांची असताना आम्हाला कळलं की तिच्या यकृतात साखर साठते, पण गरज लागेल तेव्हा बाहेर येत नाही. तुमच्याआमच्या पोटात चार घास गेले की पाच-सहा तास चिंता नसते. तिचं तसं नाही. दर साडेतीन तासांनी तिला कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पाजायचं. ते पोटात हळूहळू विरघळतं आणि साखर धरून ठेवतं. तीन मोठे सपाट चमचे, दिवसा आणि रात्रीही. साडेतीनचे चार तास झाले की ती घामेजते, मग गप्प होते, आणि त्यानंतरचं मी एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायचं नव्हतं. गोड खाऊ, फळं, दूध हे तिला वर्ज्य. ग्लुकोज फक्त अडीअडचणीला, कारण त्यानं साखर उडी मारून वर जाते आणि अर्ध्या तासात धाडकन खाली येते. खिचडी तासाभराची सोबत, तीही बाईसाहेबांनी तोंड उघडलं तर.

त्यामुळे आमचं जग साडेतीन तासांचं झालं होतं. लग्नं, बारशी, माहेरपण, जे काही असेल ते साताऱ्यापासून दोन तासांच्या आत. हेमंतला मस्कतला नोकरी लागून चौदा महिने झाले होते. तो प्रत्येक फोनला म्हणायचा, “ये ना गं,” आणि मी म्हणायचे, “बघू.” दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी एक साइट मला सापडली होती. मुंबई, मस्कत. पंधराशे साठ किलोमीटर, दोन तास वीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा तरी ते पान उघडून बघायचे, जणू मधल्या दिवसांत अंतर थोडं आटलं असेल. शेवटी एके दिवशी ते पान छापून आणलं, त्याखाली पेनानं तक्ता आखला आणि हेमंतला सांगितलं, “तिकीट काढ.” साडेतीनात दोन-वीस बसत होतं.

आदल्या दिवशी पनवेलला नणंदेकडे मुक्काम केला. सासूबाई तिथवर पोचवायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबाराला जाईला तिथं पाजलं. पुढचा पेला पावणेचारला. तेवढे तीन चमचे मी आधीच तिच्या झाकणाच्या पेल्यात कोरडे भरून ठेवले होते, तो पेला जाईच्याच छोट्या पाठपिशवीत होता, म्हणून सासूबाईंच्या तडाख्यातून वाचला. त्याच्या पुढचा पेला सव्वासातला. विमान साडेचारला सुटणार, आपल्याकडच्या घड्याळात सातला उतरणार. म्हणजे सव्वासातला मी कुठंतरी पासपोर्टच्या रांगेत असणार आणि पूड असणार त्या बॅगेत, पट्ट्याच्या पोटात.

गेटवरच्या मुलीकडे धावले. तिनं शांतपणे ऐकलं, मशीनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, बॅग काढता येईल, पण मग तुम्हालाही मागं राहावं लागेल. बॅग इथं आणि तुम्ही तिथं असं होत नाही.”

परत येऊन बसले तेव्हा डोळे भरून आले होते. जाईनं पुस्तकातून मान वर करून विचारलं, “आई, आजी रागावली?”

“नाही गं.”

“मग तू रागावलीस?”

समोरच्या खुर्चीवरचा माणूस हसला. पन्नाशी उलटलेला, पांढरी गोल टोपी, दाढीत करडे केस, पायाशी कापडी पिशवी. तो बराच वेळ आमच्याकडे बघतोय हे मला केव्हाच कळलं होतं. माझं लक्ष सगळीकडे असतं, ती माझी खोडच आहे.

“माफ करा हां ताई,” तो म्हणाला. “दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये. पण तुम्ही एवढ्या जोरात बोललात की मस्कतला पण पोचलं असेल. ते कॉर्नफ्लोअर म्हणालात, ते सुपात घालतात तेच ना?”

“तेच.”

“आणि ही बाय ते कच्चं पिते?”

“हो.”

“तोबा!” त्यानं जाईकडे आदरानं पाहिलं. “मी तीस वर्षं चुलीसमोर आहे, कच्चं कॉर्नफ्लोअर पिणारा माणूस आज बघितला. कसं लागतं गो?”

“खडूसारखं,” जाई म्हणाली.

“खडू खाऊन बघितलायस वाटतं?”

“एकदाच.”

तो पुन्हा हसला. त्याचं नाव यासीन चोगले. दापोलीजवळच्या हर्णैचा. मस्कतच्या बाहेर एका कामगारांच्या कॅम्पात, तीनशे माणसांच्या मेसमध्ये तो आचारी होता. हे सगळं त्यानं मला दोन मिनिटांत सांगून टाकलं, बहुधा मी रडायची थांबावी म्हणून. मग माझ्या हातातला छापील कागद मागून घेतला, लांब धरून वाचला.

“हे कोणी लिहिलंय?”

“इंटरनेटवर आहे. विमानतळ ते विमानतळ.”

“मग तुम्ही विमानतळावरच राहणार असाल तर बरोबर आहे. सतरा वर्षं जातोय मी, ताई. हे पोटातलं पाणी न हलता गेलेलं विमान आहे. ह्यात रनवेवरची रांग नाही. वर गेल्यावर उतरायला जागा नाही म्हणून घिरट्या घालतात, त्या नाहीत. पासपोर्टवाल्याचा चहा नाही. बॅगेचा पट्टा बंद पडतो, तो नाही. तुम्ही सात म्हणताय? नऊच्या आत बॅग हातात आली तर मला सांगा.”

मी कागद त्याच्या हातातून ओढूनच घेतला. राग त्याचा आला नव्हता. महिनाभर रोज बघून मला जे दिसलं नाही, ते त्याला एका नजरेत दिसलं होतं. नऊ. म्हणजे पावणेदोन तास जाई कोरडी. मी जाईच्या चपला शोधायला लागले.

“कुठं चाललात?”

“परत. पनवेलला.”

“का?”

“का म्हणजे? तुम्हीच सांगताय नऊ!”

“अवो, कॉर्नफ्लोअर नाही म्हणून परत जाताय?” त्यानं बोट दाखवलं. “ते काय दिसतंय? लाल पाटी. मंचुरियन विकतायत. कॉर्नफ्लोअरशिवाय मंचुरियन होतं कधी?”

मी बघतच राहिले. मघापासून मी त्या पाटीसमोरून दोनदा गेले होते.

जाईला कडेवर घेऊन तशीच गेले. काउंटरवरच्या पोऱ्याला सगळं समजावून सांगितलं, यकृतापासून. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, कच्चा माल नाही देत. सूप देऊ का? त्यात असतं.”

“शिजवलेलं नाही चालत.”

“मग मॅनेजर येतील साडेचारला.”

परत आले. चोगले माझं तोंड बघूनच उठला.

“तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलात. गिऱ्हाईकाला कोणी भटारखान्यात घेत नाही. मी जातो. मी त्यांच्या जातीचा.”

“काउंटरवर नाहीये म्हणतो तो.”

“तिथं कसं असेल? तिथं नुसतं गरम करतात. रांधायची जागा दुसरीकडे असणार, मागं कुठंतरी. शोधतो.” तीन-वीस झाले होते. “तुमचा पेला कितीला?”

“पावणेचारला.”

“तो द्या बिनघोर. आलोच.”

कापडी पिशवी माझ्या पायाशी ठेवून तो गेला. चालत गेला, घाईनं, पण पळत नाही.

पावणेचारला मी पेल्यात गार पाणी घातलं, खळखळवलं आणि जाईला पाजलं. तेव्हाच आमच्या विमानाची घोषणा झाली आणि सगळं गेट एकदम उभं राहिलं. रांग लागली. ती हलायला लागली. मी बसूनच. चारला हेमंतचा फोन आला. उचलला असता तर “बसलीस का?” असं विचारलं असतं त्यानं. उचलला नाही.

चार वाजून पाच मिनिटं. रांगेत दहाएक माणसं उरली. मी मनाशी ठरवलं, सव्वाचारपर्यंत तो आला नाही तर परत जायचं. बॅग काढायला लावायची आणि हेमंतला सांगायचं, नाही जमत. तूच ये वर्षातून एकदा. ही मुलगी मोठी होईपर्यंत आपलं असंच. हा विचार मी इतक्या वेळा केला होता की तो करताना आता दुखतही नव्हतं. उलट थोडं हायसंच वाटलं. आज हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

त्या माणसाचं काय, असं एकदा मनात येऊन गेलं. त्याचं विमान चुकलं तर? चुकलं तर उद्याच्या विमानानं जाईल, असं मीच मला उत्तर दिलं आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले.

“पॅसेंजर निकम मेधा, पॅसेंजर चोगले यासीन,” माइकवर पुकारा झाला. मी जाईला उचललं, त्याची पिशवी खांद्याला लावली आणि गेटजवळ जाऊन उभी राहिले.

“निकम? या मॅडम, या. शेवटच्याच आहात.”

“ते येतायत.”

“कोण?”

“चोगले.”

“आम्हाला बंद करावं लागेल, मॅडम. तुम्ही येताय की नाही?”

“दोन मिनिटं.”

तिनं तिच्या जोडीदाराकडे पाहिलं. त्यानं मनगटाकडे पाहिलं. “ते तुमच्याबरोबर आहेत का?” त्यानं विचारलं.

मी खांद्यावरची त्याची पिशवी सावरली.

“हो,” मी म्हणाले. “माझ्याबरोबर आहेत.”

आणि तेवढ्यात जाई माझ्या खांद्यावरून किंचाळली, “ते बघ, पळतायत!”

तो पळत होता. टोपी हातात, एक चप्पल निसटून तिला पाय शोधतोय, दुसऱ्या हातात सुपाचा प्लास्टिकचा डबा छातीशी धरलेला, वरून झाकण घट्ट दाबलेलं. धाप लागली होती. गेटवर येऊन त्यानं तो डबा आधी माझ्या हातात दिला आणि मग पासपोर्ट शोधायला खिसे चाचपायला लागला.

“तीन चमचे मागितले,” तो म्हणाला. “तो म्हणाला, डबाच घेऊन जा.”

“कोण?”

“आचारी त्यांचा. मालद्याचा बंगाली. त्याच्या गावची वीस पोरं माझ्या मेसमध्ये जेवतात. एकाचं नाव घेतलं, तर तो त्याचा साडू निघाला. आधी म्हणाला, चहा घ्या. चहा घेतल्याशिवाय सोडेना.”

“तुम्ही चहा पीत होता?”

“उभ्यानं, ताई! जीभ भाजली.”

विमानाकडे जाणाऱ्या त्या लांब बोगद्यात मी झाकण उघडलं. अविश्वास नव्हता, सवय होती. मैदा मिसळलेला असेल तर? खाण्याचा सोडा असेल तर? त्याच्या ते लक्षात आलं. “चिमटीत धरा,” तो चालता चालताच म्हणाला. “दाबा. करकरतं ना? मैदा असा करकरत नाही. मी तिथं वाटीत पाण्यात टाकून पण बघितलं. खाली बसलं, दगडासारखं. अस्सल आहे.” मी चिमटीत दाबलं. नव्या कापडावर नख ओढावं तसं ते करकरलं.

विमानात त्याची जागा आमच्या मागच्याच ओळीत निघाली. दारं बंद झाली, विमान हललं, थोडं पुढं गेलं आणि थांबलं. पायलट म्हणाला, आपल्यापुढं नऊ विमानं आहेत. खुर्च्यांच्या फटीतून मागून आवाज आला, “कागदात आहेत का बघा नऊ विमानं.”

सव्वापाचला आम्ही उडालो. जाई खिडकीला नाक लावून बसली. समुद्र तिनं पहिल्यांदा वरून पाहिला, ढग खालून नाही तर वरून पाहिले, आणि “खाली पडलेत सगळे” असं जाहीर केलं. मी मात्र दर दहा मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावत होते.

आपल्या सव्वासातला खाली पाणीच होतं. किनाऱ्याचा पत्ता नव्हता. मी डबा काढला, तीन सपाट चमचे पेल्यात घातले. हवाईसुंदरी माझं बघून स्वतःहून पाणी घेऊन आली, तेही कोमट, लहान मुलीसाठी म्हणून.

“गार हवं,” मी म्हणाले. “कोमटानं हे शिजतं.”

तिनं गार आणलं. जाईनं पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

“हे वेगळंय.”

मी पेला उचलून हुंगला. “काय वेगळं?”

“वेगळा खडू.”

“पी बाय,” मागून आवाज आला. “विमानतळावरचा खडू महाग असतो.”

तिनं एका दमात संपवलं. अर्ध्या तासानं तिचं बोट टोचून यंत्रावर पाहिलं. ब्याण्णव, हवी तेवढी. मी तो आकडा फटीतून मागं दाखवला. त्याला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण त्यानं टोपी नीट केली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला.

उतरलो तेव्हा आपले आठ वाजून गेले होते. तिथल्या घड्याळात साडेसहा. पासपोर्टची रांग दोरीनं चार वेळा वळवलेली. आमची वेगळी, पाहुण्यांची. त्याची पलीकडे, तिथं नोकरी असलेल्यांची. त्याच्यापुढचे पटापट जात होते, तो मात्र अडकला. अधिकाऱ्यानं त्याचा पासपोर्ट चाळला, पुन्हा मागून पुढे चाळला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून बोटानं मोजायला लागला. शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यानंही मोजलं. चोगले हात बांधून, मान थोडी खाली घालून उभा होता. मघाशी हसणारा, फटीतून टोमणे मारणारा माणूस तो नव्हताच. बऱ्याच वेळानं शिक्का पडल्याचा आवाज आला. एवढ्या लांबून मला तो ऐकू आला, किंवा तसं वाटलं.

सामानाच्या पट्ट्याजवळ तो पुन्हा भेटला. पट्टा रिकामाच फिरत होता.

“तुम्हाला एवढा वेळ का लागला?” मी विचारलं.

“मोजत होता साहेब.”

“काय?”

“दिवस. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की आमचा व्हिसा जातो. एकशे ऐंशी दिवस.”

“मग?”

“झाले ना बरोबर. आज एकशे ऐंशीवा.” तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. “आई आजारी होती. ती गेली. तिचा चाळिसावा दिवस परवा झाला. तो केल्याशिवाय कसा निघणार? मग मी पण बसून मोजलं, तुमच्यासारखंच. आजचं विमान शेवटचं होतं.”

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

“चुकलं असतं तर?”

“चुकलं नाही ना.”

“पण चुकलं असतं तर? दुसरा व्हिसा मिळतो ना?”

“छप्पन्नाव्या वर्षी?” तो हसला. “कंपनी म्हणेल, चोगले, घरी बस, मच्छी खा.”

“आणि तुम्ही चहा पीत बसलात!”

“त्याशिवाय तो डबा देईना, ताई.”

माझ्या डोळ्यांसमोर ते गेट आलं. सव्वाचारची मी लावलेली मुदत आली. उद्याच्या विमानानं जाईल, असं मी किती सहज म्हणून टाकलं होतं तेही आलं.

“मला सांगायचं तरी,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?”

खरं उत्तर मला आजही देता येत नाही. जाई आता सोळा वर्षांची आहे. ती स्वतःचं स्वतः मोजते आणि गेल्या वर्षी एकटी विमानानं बापाकडे जाऊन आली. तरी त्या प्रश्नापाशी मी अजून अडखळते. जाऊ दिलं असतं, असं रात्री कधी कधी वाटतं. मुलीच्या आईचं काही सांगता येत नाही.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आईला शेवटी शेवटी मीच पाजायचो. चमच्यानं पाणी. तासाला दोन चमचे, डॉक्टरनं सांगितलेलं. घड्याळ लावून बसायचो. तुम्ही मघाशी फोनवर ओरडलात ना, तेव्हा मला तुमचं सगळं कळलं. बाकी काही नाही.”

आभार मानायचे होते, तर रडूच आलं. त्यानं हात पुढं केले.

“द्या बायला इकडे. ती बघा, तिथं बाथरूम आहे. तोंड धुऊन या. नवरा बाहेर उभा असेल, त्याला असं तोंड दाखवू नका. घाबरेल बिचारा.”

जाई जन्मल्यापासून मी तिला घराबाहेरच्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं. डॉक्टरांच्या हातात दिलं तर त्यांचे हात बघत उभी राहायचे. सख्ख्या बहिणीकडेही दहा मिनिटं ठेवलं नव्हतं. मी जाईकडे पाहिलं. तिनं आधीच हात पसरले होते.

मी तिला दिलं आणि गेले.

नळ सोडला. किती वेळ तोंडावर पाणी मारत होते ते सांगता येणार नाही. पोटभर रडून घेतलं. एक फिलिपिनो बाई हात पुसता पुसता थांबली, तिनं न विचारता दोन कागदी रुमाल माझ्या हातात दिले आणि निघून गेली.

बाहेर आले तेव्हा पट्टा भरला होता. लोक बॅगा ओढून काढत होते. त्या गर्दीत चोगले खांबासारखा ताठ उभा होता आणि त्याच्या खांद्यावर डोकं टाकून जाई झोपली होती. तिची झोप बघितली की माझ्या छातीत नेहमी कळ यायची, ही झोप आहे की साखर उतरलीय म्हणून. त्या दिवशी आली नाही. ती झोपच होती. तोंड उघडं, लाळ त्याच्या सदऱ्यावर.

त्याच्या समोरून एक खोका गेला. सुतळीनं बांधलेला, वर हिरव्या शाईनं मोठ्या अक्षरांत ‘चोगले, हर्णै’.

“अहो, तुमचा गेला!” मी म्हणाले. “द्या तिला, मी घेते.”

त्यानं मान हलवली, तीही अगदी हळू, तिला धक्का लागू नये अशी.

“आत्ताच लागलाय डोळा,” तो कुजबुजला. “दुसऱ्यांदा गेला तो. येतोय परत फिरून.”